पहिल्या आशियाई खेळांचं प्रदर्शन कसं मांडावं: मनिला १९१३ ते दिल्ली १९५१

शाळेत किंवा ग्रंथालयात पहिल्या आशियाई खेळांवर प्रदर्शन भरतं तेव्हा पहिला फलक बहुतेक वेळा ४ मार्च १९५१ या तारखेचा असतो. दिल्लीत राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी उद्घाटन केलं, अकरा देश आले, जपान पहिला, भारत दुसरा. यातलं काहीच चूक नाही. मात्र तोवर स्पर्धेच्या जन्माची सगळी धडपड होऊन गेलेली होती. दोन जुन्या स्पर्धा (अतिपूर्वेच्या आणि पश्चिम आशियाई) बंद पडल्या होत्या, एक ठरलेली स्पर्धा झालीच नव्हती आणि मुख्य स्पर्धा वर्षभर पुढे ढकलावी लागली होती. ही अडखळती वाट पाहणाऱ्याला दिसली नाही तर १९५१ चं मोल कळत नाही. म्हणून प्रदर्शनाची अर्धी जागा १९५१ च्या आधीच्या काळाला ठेवा. पुढची सगळी मांडणी हे धरूनच सांगितली आहे.

साधारण वर्गखोलीएवढ्या जागेत आठ फलक आणि एक कालरेषा पुरते. मजकुराचे फलक तीन फूट रुंद, दोन फूट उंच. पदकांचा एकच फलक मोठा, तीन फूट रुंद आणि चार फूट उंच. त्याहून जास्त फलक लावले तर शेवटचे दोन-तीन कुणी वाचत नाही.

कालरेषा: आधी हीच बांधा

फलक नंतर. आधी भिंतीवर दोरी. एका वर्षाला दहा सेंटिमीटर असं माप धरलं की १९१३ ते १९५१ ही ३८ वर्षं ३८० सेंटिमीटरमध्ये बसतात. दोन्ही टोकांना वीस-वीस सेंटिमीटर जादा ठेवून सव्वाचार मीटर दोरी घ्या. ती मध्ये झोल खाते, म्हणून दर मीटरला एक खिळा किंवा पिन हवीच. भिंतीला खिळे ठोकता येत नसतील तर दोरीऐवजी रंगीत चिकटपट्टी सरळ ओढा.

१५ सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच कार्डं कापा. १९१३ चं कार्ड शून्यावर. अतिपूर्वेच्या अजिंक्यपद स्पर्धा दहा वेळा झाल्या, त्यांच्या जागा अशा: मनिला १९१३ (०), शांघाय १९१५ (२०), टोकियो १९१७ (४०), मनिला १९१९ (६०), शांघाय १९२१ (८०), ओसाका १९२३ (१००), मनिला १९२५ (१२०), शांघाय १९२७ (१४०), टोकियो १९३० (१७०), मनिला १९३४ (२१०). मापं दोरीच्या सुरुवातीच्या खुणेपासून, कार्डाच्या मध्यापर्यंत मोजा. कडेपासून मोजलं तर प्रत्येक कार्ड साडेसात सेंटिमीटर सरकतं.

१९३४ ला दोन कार्डं येतात. मनिलाचं दोरीच्या वर, दिल्लीच्या पश्चिम आशियाई खेळांचं दोरीच्या खाली. २५० वर, म्हणजे १९३८ ला, पुन्हा दोन कार्डं, पण ही कोरी, फक्त तुटक रेषेची चौकट असलेली: वर ओसाका, खाली तेल अवीव. दोन्ही ठिकाणी स्पर्धा ठरली होती, दोन्ही ठिकाणी झाली नाही. त्यानंतर ३४० पर्यंत रिकामी दोरी. इथे हात शिवशिवतो. रिकामी जागा वाईट दिसते म्हणून कुणी ती आखडतं, कुणी तिथे महायुद्धाची चित्रं लावतं. दोन्ही करू नका. १९३४ ते १९४७ ही तेरा वर्षं, म्हणजे १३० सेंटिमीटर, या दोन कोऱ्या कार्डांशिवाय मोकळी राहिली तरच पाहणाऱ्याला जाणवतं की आशियातल्या खेळाडूंची एक आख्खी पिढी आपल्या खंडाच्या स्पर्धेविना गेली.

शेवटचे चार टप्पे मात्र एकमेकांना चिकटतात: १९४७ (३४०), १९४८ (३५०), १९४९ (३६०) आणि १९५१ (३८०). पंधरा सेंटिमीटरची कार्डं दहा सेंटिमीटर अंतरावर मावत नाहीत. आळीपाळीनं लावा: १९४७ वर, १९४८ खाली, १९४९ वर, १९५१ खाली. कार्ड दोरीपासून लांब गेलं तर त्याला धाग्यानं त्याच्या खुणेशी जोडा. माप मोडू नका.

पहिले दोन फलक: बंद पडलेल्या स्पर्धा

अतिपूर्वेच्या स्पर्धांमागे फिलिपाइन्समध्ये वायएमसीएचं काम करणारा एलवुड ब्राउन हा अमेरिकन होता. मुख्य देश तीन: फिलिपाइन्स, चीन आणि जपान. १९३० साली टोकियोत हिंदुस्थानचे खेळाडूही गेले होते. ही ओळ वगळू नका, कारण दोन्ही प्रवाहांना जोडणारा दुवा तोच आहे. स्पर्धा का संपली हे एका वाक्यात, पण नेमकं लिहा: जपाननं चीनच्या मांचुरिया भागात उभं केलेलं मांचुकुओ हे राज्य स्पर्धेत घ्यावं असा जपानचा आग्रह होता, चीननं ते अमान्य केलं आणि १९३४ नंतर संघटना फुटली. ‘युद्धामुळे बंद पडली’ एवढंच लिहिणं अपुरं आहे. १९३८ ची स्पर्धा युद्धात बुडाली, पण संघटना त्याआधीच मोडली होती.

दुसरा फलक पश्चिम आशियाई खेळांचा. १९३४, दिल्ली आणि पतियाळा. चार संघ: हिंदुस्थान, अफगाणिस्तान, सिलोन आणि पॅलेस्टाईन. यामागचा माणूस गुरु दत्त सोंधी. पुढची सतरा वर्षं कालरेषेवर जिथे जिथे कार्ड लागतं तिथे तिथे त्यांचं नाव येतं. त्यांचा वेगळा चौकोन इथेच करा: लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य, भारतीय ऑलिंपिक संघटनेचे दीर्घकाळचे सचिव, १९३२ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य. आशियाई खेळांचं श्रेय फक्त नेहरूंना देणारे फलक बरेच दिसतात. नेहरूंचा पाठिंबा मोलाचा होता. तरीही देशोदेशींच्या प्रतिनिधींना एका टेबलाशी बसवण्याचं काम सोंधींनी केलं, आणि ते ठळकपणे लिहिलं गेलं पाहिजे.

या फलकावर हमखास होणारी गफलत पतियाळाची. पतियाळा संस्थानचे दोन महाराजे या कथेत आहेत. भूपिंदर सिंग १९२८ पासून भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि १९३८ साली वारले. त्यांचे पुत्र यादविंदर सिंग त्यानंतर अध्यक्ष झाले. १९३४ च्या फलकावर वडील, १९४९ च्या फलकावर मुलगा. नुसतं ‘पतियाळाचे महाराज’ लिहिलंत आणि छायाचित्र उलटसुलट लागलं तर अकरा वर्षांपूर्वी वारलेला माणूस सभेचा अध्यक्ष होऊन बसतो. गफलत आणखी एक: १९३४ च्या काही स्पर्धा पतियाळा शहरात झाल्या, १९४९ ची सभा दिल्लीतल्या पतियाळा हाउसमध्ये. नकाशावर खूण करताना हे सांभाळा.

तिसरा आणि चौथा फलक: १९४७ ते १९४९

हा प्रदर्शनाचा गाभा आहे. मोजकी तीन स्थानकं.

पहिलं, आशियाई संबंध परिषद, दिल्ली, २३ मार्च ते २ एप्रिल १९४७. नवस्वतंत्र किंवा स्वतंत्र होऊ घातलेले देश एकत्र आले होते आणि सोंधींनी खंडाच्या स्पर्धेची कल्पना याच वातावरणात पुढे नेली.

दुसरं, लंडन, ८ ऑगस्ट १९४८. ऑलिंपिक चालू असताना माउंट रॉयल हॉटेलात बैठक झाली. भारत, फिलिपाइन्स, कोरिया, चीन, ब्रह्मदेश आणि सिलोन असे सहा देश. फेब्रुवारी १९४९ मध्ये दिल्लीत आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा घ्यायची असं ठरलं. ती झाली नाही. ही गोष्ट लपवू नका, उलट कालरेषेवर ३६० च्या जवळ तिसरं कोरं कार्ड लावा, पण आकारानं निम्मं.

तिसरं, दिल्ली, १२ आणि १३ फेब्रुवारी १९४९. स्पर्धा फसली तरी प्रतिनिधींची सभा झाली आणि तिथे आशियाई क्रीडा महासंघ उभा राहिला. अध्यक्ष यादविंदर सिंग. पहिली स्पर्धा १९५० साली दिल्लीत घेण्याचं ठरलं, तयारी न झाल्यानं ती मार्च १९५१ वर गेली.

या सभेला नऊ देश होते आणि १९५१ च्या स्पर्धेला अकरा. दोन्ही आकडे एकाच फलकावर येतात आणि पाहणारे विचारतात की दोन वाढले ते कोण. उत्तर ‘दोन वाढले’ असं नाही. सभेला अफगाणिस्तान, ब्रह्मदेश, सिलोन, भारत, इंडोनेशिया, नेपाळ, पाकिस्तान, फिलिपाइन्स आणि सयाम. यातून पाकिस्तान वजा करा, कारण संस्थापकांत असूनही तो १९५१ ला आला नाही. उरले आठ. त्यात इराण, जपान आणि सिंगापूर हे तीन मिळवा. झाले अकरा. हे गणित चित्ररूपात दाखवा: डावीकडे नऊ पट्ट्या, उजवीकडे अकरा, मध्ये आठ सरळ रेषा, पाकिस्तानची पट्टी डावीकडेच थांबलेली, उजवीकडे तीन पट्ट्या नव्या रंगात. शंभर शब्दांचं काम एका चित्रात होतं.

जपानच्या पट्टीखाली दोन ओळी अवश्य लिहा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला प्रवेश नव्हता. मार्च १९५१ मध्ये तो देश अजून दोस्तराष्ट्रांच्या ताब्यात होता, शांतता करारावर सह्या त्याच वर्षी सप्टेंबरात झाल्या. म्हणजे महायुद्धानंतर जपानी खेळाडूंना मोठ्या आंतरराष्ट्रीय मेळ्यात परत घेणारी स्पर्धा दिल्लीची होती. त्यातल्या काही देशांनी जपानी लष्कराचा ताबा स्वतः भोगलेला होता, हे लक्षात घेतलं की या दोन ओळींचं वजन कळतं.

नावं आणि ध्वज

नियम एकच: ज्या वर्षाचा फलक, त्या वर्षाचं नाव. श्रीलंका नाही, सिलोन (नाव १९७२ साली बदललं). म्यानमार नाही, ब्रह्मदेश (१९८९). सयाम आणि थायलंड यांत तर बारीक मेख आहे. फेब्रुवारी १९४९ च्या सभेत देशाचं नाव सयाम होतं, मे १९४९ मध्ये ते थायलंड झालं. त्यामुळे चौथ्या फलकावर सयाम आणि पाचव्यावर थायलंड असं दोन्ही बरोबर आहे. खाली लहान अक्षरांत ‘सयाम म्हणजेच थायलंड’ एवढी नोंद द्या, नाहीतर कुणीतरी भलत्या काळजीनं पेनानं खोडतं. सिंगापूर तेव्हा ब्रिटिश वसाहत होती, ‘स्वतंत्र देश’ म्हणू नका. म्हणूनच मथळ्यात ‘अकरा राष्ट्रं’ यापेक्षा ‘अकरा संघ’ लिहिणं जास्त निर्दोष.

ध्वज हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग, कारण इंटरनेटवर देशाचं नाव टाकलं की आजचा ध्वज मिळतो. इराणचा तेव्हाचा तिरंगा सिंह आणि सूर्याचं चिन्ह असलेला होता. आजचं चिन्ह १९७९ च्या क्रांतीनंतरचं आहे. ब्रह्मदेशाचा ध्वज लाल, कोपऱ्यात निळ्या चौकोनावर एक मोठा आणि पाच लहान पांढरे तारे. अफगाणिस्तानचा काळा-लाल-हिरवा उभा तिरंगा, राजेशाहीच्या चिन्हासह. नेपाळच्या ध्वजाची आजची काटेकोर आकृती १९६२ ची, आधीच्या ध्वजावर सूर्य-चंद्राला चेहरे असत. सिलोनच्या ध्वजाच्या कोपऱ्यातली पिंपळपानं १९७२ ची. भारत, जपान, इंडोनेशिया, थायलंड आणि फिलिपाइन्स यांचे आजचे ध्वज चालतात. एखादा ध्वज खात्रीनं मिळाला नाही तर सगळेच ध्वज काढून टाका आणि नकाशावर रंग भरा. दहा बरोबर आणि एक चुकीचा असं ठेवू नका.

नकाशाचंही तेच. आजच्या सीमांचा नकाशा छापू नका. फक्त किनारपट्टीची बाह्यरेषा घ्या आणि राजधान्यांच्या जागी ठिपके द्या. सीमारेषांचे सगळे वाद टळतात.

नकाशाच्या कडेला जागा उरली तर एक योगायोग नोंदवा. अमेरिका खंडांची पहिली पॅन अमेरिकन स्पर्धा १९४२ साली व्हायची होती, युद्धामुळे लांबली आणि २५ फेब्रुवारी ते ९ मार्च १९५१ या काळात ब्युनोस आयर्सला झाली. म्हणजे ४ ते ९ मार्च दोन खंडांच्या पहिल्या स्पर्धा एकाच वेळी चालू होत्या. आफ्रिकेची पहिली स्पर्धा १९६५ साली ब्राझाव्हिलला झाली, युरोपची तर थेट २०१५ साली बाकूला.

पदकांचा मोठा फलक

आधी बेरीज, मग सजावट. १९५१ चा तक्ता असा (सुवर्ण, रौप्य, कांस्य):

जपान २४, २१, १५
भारत १५, १६, २०
इराण ८, ६, २
सिंगापूर ५, ७, २
फिलिपाइन्स ५, ६, ८
सिलोन ०, १, ०
इंडोनेशिया ०, ०, ५
ब्रह्मदेश ०, ०, ३

अफगाणिस्तान, नेपाळ आणि थायलंड यांना पदक नाही, पण त्यांच्या रिकाम्या ओळी ठेवाच. ते आले होते. सुवर्ण ५७, रौप्य ५७, कांस्य ५५, एकूण १६९. प्रकारही ५७ होते, त्यामुळे सुवर्णांची बेरीज जुळते. कांस्य दोन कमी का असं कुणी विचारेल, तर वॉटरपोलोचं उदाहरण द्या: त्यात भारत आणि सिंगापूर असे दोनच संघ होते, तिसरं पदक द्यायला कुणी नव्हतं. सिंगापूरची एकूण पदकं १४ आणि फिलिपाइन्सची १९ असूनही सिंगापूर वर आहे. सुवर्ण सारखी, रौप्य एक जास्त. ही ओळ ‘दुरुस्त’ करू नका.

५७ प्रकारांची फोड पडताळणीला उपयोगी पडते: ॲथलेटिक्स ३३, पोहणं ८, सूर मारणं २, वॉटरपोलो १, भारोत्तोलन ७, सायकलिंग ४, फुटबॉल १, बास्केटबॉल १. ॲथलेटिक्सच्या ३३ मध्ये महिलांचे ९, आणि महिलांसाठी तेवढेच. खेळ सहा की आठ, असा घोळ जागोजागी दिसतो. पोहणं, सूर मारणं आणि वॉटरपोलो एकत्र ‘जलक्रीडा’ धरले तर सहा, वेगळे मोजले तर आठ. एक पद्धत निवडा आणि सर्व फलकांवर तीच पाळा.

तीन सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापा, तीन रंगांच्या, एकूण १६९ आणि वर दहा जादा. चकत्यांमध्ये अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवलं तर जपानच्या २४ सुवर्णांची ओळ साडेत्र्याऐंशी सेंटिमीटर होते आणि तीन फुटांत, म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटरमध्ये मावते. देशाचं नाव ओळीच्या वर लिहा, डावीकडे लिहिलं तर जागा संपते. पूर्ण देश एका ओळीत घ्यायला जाऊ नका, जपानच्या साठ चकत्यांना दोन मीटरच्या वर रुंदी लागेल.

संगणकावर तक्ता करताना एक सावधगिरी. देवनागरी अंक टाकले की पत्रक बऱ्याचदा त्यांना मजकूर समजतं आणि बेरीज शून्य दाखवतं. गणित नेहमीच्या इंग्रजी अंकांत करा, जुळवा आणि फलकाची मांडणी करताना शेवटी देवनागरी अंक घाला.

माणसं: सहावा आणि सातवा फलक

भारताच्या १५ सुवर्णांची यादी देता येते आणि ती दिली पाहिजे, कारण बहुतेक प्रदर्शनांत दोन-तीन नावांवर भागवतात. पोहण्यात सचिन नाग, १०० मीटर मुक्त शैली, १ मिनिट ४.७ सेकंद. आशियाई खेळांतलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. सूर मारण्यात के. पी. ठक्कर, दोन्ही प्रकारांत. वॉटरपोलो आणि फुटबॉल संघ. ॲथलेटिक्समध्ये दहा: लेव्ही पिंटो १०० आणि २०० मीटर, रणजित सिंग ८००, निक्का सिंग १५००, छोटा सिंग मॅरेथॉन, महाबीर प्रसाद १० किलोमीटर चालणं, बख्तावर सिंग ५० किलोमीटर चालणं, मदन लाल गोळाफेक, माखन सिंग थाळीफेक आणि ४×४०० मीटर रिले. एक, दोन, दोन आणि दहा: पंधरा.

फुटबॉलला स्वतंत्र चौकट द्या. इंडोनेशियावर ३-०, अफगाणिस्तानवर ३-०, अंतिम सामन्यात इराणवर १-०. गोल मेवालालचा, कर्णधार शैलेन मन्ना, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम.

महिलांसाठी वेगळा, ठळक भाग करा. रोशन मिस्त्रीचं १०० मीटरमधलं रौप्य हे आशियाई खेळांतलं भारतीय महिलेचं पहिलं पदक. मेरी डिसूझाला २०० मीटरमध्ये कांस्य आणि ४×१०० रिलेत संघासोबत रौप्य. इतर देशांचेही किमान तीन चेहरे घ्या, नाहीतर प्रदर्शन खंडाचं राहत नाही. सिंगापूरचा पोहणारा नियो च्वी कॉक, चार सुवर्णं. इराणचे भारोत्तोलक, सातही गटांत सुवर्ण. बास्केटबॉलमध्ये फिलिपाइन्स.

आकडे छापताना तीन ठिकाणी हात थांबवा. पिंटोची १०० मीटरची वेळ १०.८ सेकंद आहे. ती १०.८० अशी लिहू नका. हातातल्या घड्याळानं दशांशापर्यंतच मोजत, पुढचं शून्य म्हणजे नसलेली अचूकता. दुसरं, पोहण्याच्या मेडली रिलेचं अंतर ३×१०० मीटर आहे. छपाईची चूक समजून मुद्रितशोधक ते ४×१०० करतो. फुलपाखरू शैली तोवर छातीवरच्या शैलीपासून वेगळी झालेली नव्हती, म्हणून पोहणारे तीनच. तिसरं, भारोत्तोलनाची एकूण वजनं आजच्या आकड्यांशेजारी लावू नका. तेव्हा तीन प्रकारे वजन उचलत, त्यातला प्रेस हा प्रकार १९७२ नंतर बंद झाला.

भारताचा १५ सुवर्णांचा आकडा कित्येक दशकं टिकला, असं लिहिणार असाल तर पुढचंही नीट लिहा. २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग स्पर्धेनंतर भारताची सुवर्णं १५ अशी जाहीर झाली होती. नंतर बहारीनच्या संघाचं उत्तेजक प्रकरणी पदक गेलं आणि ४×४०० मिश्र रिलेचं सुवर्ण भारताकडे आलं, आकडा १६ झाला. जुन्या बातमीवरून ‘बरोबरी’ लिहिणारे आजही सापडतात.

जागेचा आठवा फलक

सामने झाले ते नॅशनल स्टेडियमवर. हे १९३३ साली भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभं राहिलं, तेव्हा नाव आयर्विन ॲम्फिथिएटर. १९५१ च्या खेळांसाठी नॅशनल स्टेडियम, २००२ पासून मेजर ध्यानचंद यांचं नाव. १९३४ च्या पश्चिम आशियाई खेळांचे दिल्लीतले सामनेही इथेच झाले, म्हणजे दुसऱ्या आणि आठव्या फलकाला जोडणारी जागा एकच आहे. दोघांवर एकच छोटं चिन्ह द्या. जवाहरलाल नेहरू स्टेडियमचं चित्र इथे अजिबात नको, ते १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांचं. त्या खेळांचं शुभचिन्ह अप्पू हत्तीही तेव्हाचाच. आशियाई ऑलिंपिक परिषद हे नावही १९८२ नंतरचं, १९५१ च्या फलकावर ‘आशियाई क्रीडा महासंघ’च हवं.

वस्तू आणि चित्रं

अस्सल वस्तू हवी असेल तर टपाल तिकिटं शोधा. ४ मार्च १९५१ ला भारतानं दोन तिकिटं काढली, २ आणे आणि १२ आणे, मशाल आणि आशियाचा नकाशा असलेली. सोळा आण्यांचा रुपया ही नोंद खाली द्या, मुलांना आणे माहीत नसतात. तिकीट डिंकानं किंवा चिकटपट्टीनं लावू नका. पारदर्शक पाकिटात घालून पाकीट चिकटवा आणि ऊन थेट पडणार नाही अशी जागा निवडा.

वर्तमानपत्रं पाहायला जाताना तारखा बरोबर मागा. ४ मार्च १९५१ रविवार होता, उद्घाटनाची बातमी सोमवार ५ मार्चच्या अंकात. ५ ते १२ मार्च एवढे अंक पुरतात. मराठीत लोकसत्ता आणि सकाळ होते, महाराष्ट्र टाइम्स १९६२ चं असल्यानं मागून उपयोग नाही. पहिलं पान पाहून निराश होऊ नका, कोरियातलं युद्ध चालू होतं. ७ मार्चला इराणचे पंतप्रधान रझमारा यांची तेहरानमध्ये हत्या झाली, आणि त्याच वेळी त्यांच्या देशाचे खेळाडू दिल्लीत होते. ८ मार्चच्या पानात दोन्ही बातम्या शोधून पाहा.

भारतात प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चाले (२०१२ च्या कायदादुरुस्तीपूर्वीचा नियम), म्हणजे १९५१ मध्ये छापलेल्या चित्रांचा २०११ अखेर संपला. तरी संग्रहालयानं किंवा ग्रंथालयानं दिलेल्या प्रतीवर त्यांच्या अटी असू शकतात, त्या वाचा. ६×४ इंची मूळ छायाचित्र ६०० डीपीआयनं (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केलं की ३६००×२४०० पिक्सेल मिळतात, ते २४×१६ इंचांपर्यंत चांगलं छापता येतं. वर्तमानपत्रातलं चित्र ठिपक्यांचं असतं, त्याला मूळ मापाच्या दुपटीपेक्षा मोठं करू नका.

छपाई

मजकुराचं अक्षर किमान ३० पॉइंट, मथळा ७२ च्या वर. देवनागरीत वर-खाली मात्रा येतात, म्हणून ओळींतलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. एका फलकावर शंभर-सव्वाशे शब्द, त्यापुढे काटा. फलकाचा मध्य जमिनीपासून पाच फुटांवर, लहान मुलांसाठी चार.

छापखान्याला युनिकोड मजकूर द्या आणि सोबत फॉन्ट समाविष्ट केलेली पीडीएफ. तिथे मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये ओढला गेला तर जोडाक्षरं फुटतात, ‘ब्रह्मदेश’ आणि ‘ॲथलेटिक्स’ हे पहिले बळी. पूर्ण मापात छापण्याआधी ए-४ कागदावर प्रत काढून ती दोघांनी तपासावी: एकानं मूळ टिपणातून आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं कागदावर बोट ठेवून खूण करायची. आधी सगळी वर्षं, मग सगळी नावं, मग पदकं, अशा तीन वेगळ्या फेऱ्या. एकाच फेरीत सगळं पाहिलं की नजर मजकुरात रमते आणि १९४९ च्या जागी १९४८ तसाच राहून जातो.